सिद्धतेचे पाठांतर

पदवी परीक्षेच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासावयास बसलेल्या प्राध्यापकास एक अनुभव दरवर्षी हटकून येतो. ‘प्रत्येक अभिसारी क्रमिका परिबद्ध असते, हे सिद्ध करा’ असा प्रश्न आला की गठ्ठ्यातील बहुतेक उत्तरपत्रिका एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात. तीच वाक्ये, तीच चिन्हे, शेवटी तोच छोटा चौकोन. परंतु त्याच प्रश्नपत्रिकेत ‘शून्याकडे जाणाऱ्या क्रमिकेस परिबद्ध क्रमिकेने गुणल्यास गुणाकारही शून्याकडेच जातो’ एवढे साधे विधान सिद्ध करावयास सांगितले, तर कित्येक पाने कोरी राहतात आणि कित्येकांवर पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यांदा उतरलेले असते. पहिल्या प्रश्नास पूर्ण गुण द्यावे लागतात, कारण उत्तरात चूक नाही. दुसऱ्यास शून्य द्यावे लागते, कारण उत्तरच नाही. एकाच विद्यार्थ्याच्या एकाच विषयातील ज्ञानाबद्दल ही दोन प्रमाणपत्रे एकाच वेळी दिली जातात आणि बेरीज होऊन तो उत्तीर्ण होतो.

ज्या दोन विषयांत हे सर्वाधिक दिसते ते म्हणजे रेषीय बीजगणित व वास्तव विश्लेषण. विद्यार्थ्यांच्या तोंडी लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिस. पदवीच्या गणिताचे हे दोन उंबरठे होत. यांच्या अलीकडचे गणित मुख्यतः आकडेमोडीचे असते, पलीकडचे सिद्धतेचे. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास सिद्धता अगदीच अपरिचित असते असे नाही. नववी-दहावीच्या भूमितीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अशा तीन मथळ्यांखाली त्याने प्रमेये लिहिलेली असतात, आणि ही त्रिसूत्री उत्तम आहे. परंतु त्यानंतरची दोन वर्षे प्रवेश परीक्षांच्या तयारीत जातात. तेथे चार पर्यायांपैकी एकावर खूण करावयाची असते. का, हे कोणी विचारत नाही. या दोन वर्षांनंतर महाविद्यालयात अचानक ‘सिद्ध करा’ हे दोन शब्द पुन्हा समोर येतात, तेव्हा हात विसरलेला असतो. मग विद्यार्थी त्यास जे ठाऊक आहे ते करतो. तो पाठ करतो.

पाठांतराने नेमके काय हुकते, हे वर उल्लेखिलेल्या दोन प्रश्नांवरूनच पाहता येईल. क्रमिका म्हणजे संख्यांची न संपणारी रांग. ती एखाद्या संख्येकडे अभिसरण पावते याचा अर्थ असा की, कोणतेही धन अंतर घ्या, मग ते कितीही लहान असो, रांगेत एक टप्पा असा येतो की त्यापुढील प्रत्येक पद त्या संख्येपासून त्या अंतराच्या आतच राहते. हे अंतर म्हणजेच विद्यार्थ्यांना धडकी भरविणारा एप्सिलॉन. आता पहिल्या प्रश्नात अभिसरण हा पक्ष आहे, दिलेली गोष्ट आहे. ‘कोणतेही अंतर’ घेण्याचा अधिकार येथे विद्यार्थ्याचा. त्याने सोयीचे अंतर घ्यावे, एक घ्यावे. मग एका टप्प्यापुढची सारी पदे एक एककाच्या आत सापडतात; त्या टप्प्याअलीकडे मोजकीच पदे उरतात, आणि मोजक्या संख्यांत सर्वांत मोठी संख्या असतेच. काम झाले. ‘मोजकीच’ हा शब्द या सिद्धतेचा कणा आहे. अनंत संख्यांत सर्वांत मोठी असेलच असे नाही. पाठ केलेल्या उत्तरात हा शब्द गळाला तरी लिहिणाऱ्यास पत्ता लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नात मात्र अभिसरण पक्षातही आहे आणि साध्यातही आहे. साध्यातील एप्सिलॉन निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा नाही. तो समोरच्याने, जणू प्रतिवादीने, द्यावयाचा आणि विद्यार्थ्याने निमूटपणे स्वीकारावयाचा. त्यानंतर पक्षातील अभिसरणाकडे वळून तेथे स्वतःचा अधिकार वापरावयाचा: परिबद्ध क्रमिकेची मर्यादा म ही धन संख्या असेल तर तेथे एप्सिलॉन भागिले म एवढे अंतर घ्यावयाचे, म्हणजे गुणाकारात म छेदला जाऊन नेमका हवा तो एप्सिलॉन उरतो. एकच व्याख्या, पण ती दिलेली असेल तर वापरण्याची रीत एक आणि गाठावयाची असेल तर रीत दुसरी. या दोन रीतींतील भेद कोणत्याही पुस्तकाच्या पानावर डोळ्यांना दिसत नाही. स्वतः सिद्धता लिहावयास बसून, चुकीच्या जागी एप्सिलॉन एक घेऊन, आणि ‘तो तुम्हांला कोणी घेऊ दिला?’ असा प्रश्न कोणाकडून तरी ऐकूनच तो कळतो.

कार्यालयात टिपणी लिहिणाऱ्या कारकुनास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. नियम कोणता, प्रकरणातील वस्तुस्थिती कोणती, आणि त्या नियमाने या वस्तुस्थितीवरून काय निष्पन्न होते, हे तो रोज लिहीत असतो. आधीच्या फायलीतील टिपणी जशीच्या तशी उतरविली तर काय अनर्थ होतो हेही तो जाणतो, कारण फाइल परत येते. विद्यार्थ्याची फाइल परत येत नाही, हेच त्याचे दुर्दैव आहे.

रेषीय बीजगणितात एप्सिलॉनचा जाच नाही. तेथील सापळा अधिक मऊ आहे. काही सदिश परस्परांपासून स्वतंत्र आहेत, याची व्याख्या अशी: त्यांना निरनिराळ्या संख्यांनी गुणून केलेली बेरीज शून्य येत असेल तर त्या साऱ्या संख्या शून्यच असल्या पाहिजेत. वर्गात ही व्याख्या विचारली असता हटकून मिळणारे उत्तर असे: ‘साऱ्या संख्या शून्य घेतल्या तर बेरीज शून्य येते.’ हा व्यत्यास झाला, आणि तो जगातील कोणत्याही सदिशांबाबत खरा आहे; त्यावरून काहीच कळत नाही. शब्द तेच, केवळ ‘तर’ची जागा बदलली.

आता क, ख, ग हे तीन सदिश स्वतंत्र आहेत असे मानून क+ख, ख+ग, ग+क हेही स्वतंत्र आहेत, हे दाखवावयाचे आहे. पाठांतरावर वाढलेला विद्यार्थी ‘क, ख, ग स्वतंत्र आहेत म्हणून’ असा आरंभ करून दोन ओळींत साध्यावर येऊन पोचतो; मध्ये काहीच घडत नाही. ज्यास रीत समजली आहे तो पक्ष बाजूस ठेवून साध्याच्या व्याख्येपासून आरंभ करतो. य, र, ल या संख्यांनी नव्या तीन सदिशांना गुणून केलेली बेरीज शून्य आहे असे तो मानतो. पदे नव्याने जुळवून क चा गुणक य+ल, ख चा य+र आणि ग चा र+ल आहे असे पाहतो. आणि येथे, याच क्षणी, पक्ष हाती घेऊन तिन्ही गुणक शून्य आहेत असे म्हणतो. पहिल्या दोहोंवरून ल आणि र समान, तिसऱ्यावरून र ची दुप्पट शून्य, म्हणून र शून्य, आणि मग सारेच शून्य.

येथे बहुतेकांची लेखणी थांबते. परंतु ज्याने ही सिद्धता स्वतः केली त्यालाच पुढचा प्रश्न सुचतो: चार सदिश घेतले तर? क+ख, ख+ग, ग+घ, घ+क हे स्वतंत्र असतील काय? घाईने ‘असतील’ असे म्हणावेसे वाटते. प्रत्यक्षात पहिल्यातून दुसरा वजा करून तिसरा मिळवावा आणि चौथा वजा करावा, बाकी शून्य उरते. ते स्वतंत्र नाहीत. तीनास जमले ते चारास जमत नाही, पाचास पुन्हा जमते. ‘र ची दुप्पट शून्य म्हणून र शून्य’ ही पायरीही निरागस नव्हे. ज्या संख्याव्यवस्थेत शून्य आणि एक अशा दोनच संख्या असून एक अधिक एक शून्य होते, तेथे ही पायरी मोडते आणि तिच्याबरोबर प्रमेयही मोडते. सिद्धतेतील कोणता दगड काढला असता भिंत पडते हे पाहण्याचा आनंद पाठ करणाऱ्याच्या वाट्यास येत नाही. त्याच्या दृष्टीने साऱ्या ओळी सारख्याच वजनाच्या.

अशा चुका करणारा विद्यार्थी मंदबुद्धीचा असतो, हा समज प्राध्यापकवर्गात बराच पसरलेला आहे आणि तो निखालस चुकीचा आहे. विश्लेषणास कठोर पाया देण्याचे श्रेय ज्यांना प्रथम दिले जाते त्या फ्रेंच गणिती कोशी यांनी १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या पाठ्यग्रंथात असे विधान सिद्धतेसह दिले होते की, संतत फलांच्या अभिसारी अनंत मालिकेची बेरीजही संतत असते. १८२६ साली नॉर्वेच्या तरुण आबेलने या प्रमेयास अपवाद आहेत हे दाखविले. त्याने पुढे केलेल्या साइन फलांच्या मालिकेत प्रत्येक पद संतत आहे, पण बेरीज ठरावीक ठिकाणी उडी घेते. कोशींची चूक कोणत्या जातीची होती? मराठीत सांगावयाचे तर ‘प्रत्येक कुलपास एक किल्ली असते’ आणि ‘एक किल्ली अशी आहे की ती प्रत्येक कुलपास लागते’ या दोन वाक्यांतील भेद त्यांच्या नजरेतून निसटला. अभिसरणाचा टप्पा प्रत्येक बिंदूसाठी निराळा असणे वेगळे, आणि साऱ्या बिंदूंसाठी एकच असणे वेगळे. हा भेद नीट नाव देऊन मांडला जाण्यास १८४७-४८ पर्यंत, स्टोक्स व झायडल यांच्या लेखनापर्यंत वाट पाहावी लागली आणि तो सर्वमान्य झाला तो पुढे वायरश्ट्रास यांच्या बर्लिनमधील व्याख्यानांमुळे. जी गोष्ट युरोपातील धुरीणांना एक पिढी चकवून गेली, ती अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने पंचेचाळीस मिनिटांच्या तासात ऐकून आत्मसात करावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. त्याला चुकण्यास जागा हवी.

डेडेकिंड यांची हकीकत याच अंगाने बोलकी आहे. १८५८ साली झ्यूरिकच्या तंत्रविद्यालयात कलनशास्त्र शिकविण्याची पाळी त्यांच्यावर प्रथमच आली, तेव्हा वाढत जाणारी परंतु परिबद्ध असलेली राशी कोणत्या तरी सीमेकडे जाते, हे सांगताना आपण आकृतीचा आधार घेत आहोत, सिद्धता देत नाही, ही टोचणी त्यांना लागली. त्या टोचणीतून त्याच वर्षी वास्तव संख्यांची त्यांची सुप्रसिद्ध रचना जन्मास आली. ती त्यांनी प्रसिद्ध केली १८७२ साली. वर्गात उभे राहून ‘हे मी सिद्ध केलेले नाही’ असे स्वतःशी कबूल करणारा शिक्षक विषयास काय देऊन जातो, याचे हे उदाहरण.

आपल्याकडेही उपपत्ती हा शब्द नवा नाही. उपपत्तीवाचून गणकास विद्वानांच्या सभेत प्रतिष्ठा नाही आणि त्याच्या स्वतःच्या मनातील संशयही फिटत नाही, असा अभिप्राय भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच नोंदविला आहे. कोकणच्या किनाऱ्यावरील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली, ती या उपपत्तींसाठीच नावाजली गेली. परंतु पूर्वजांच्या नावाने अभिमान बाळगणे सोपे आहे. त्यांनी महत्त्वाची मानलेली गोष्ट आजच्या वर्गात होते की नाही हे पाहणे अंमळ गैरसोयीचे आहे.

येथे पाठांतराच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण अलीकडे पाठांतरास सरसकट झोडपण्याची प्रथा पडली आहे. व्याख्या पाठच असल्या पाहिजेत, तेही शब्दशः, ‘प्रत्येक’ आणि ‘एक तरी’ यांच्या क्रमासकट. गवई बंदिश पाठ करतो त्याप्रमाणे चारदोन आदर्श सिद्धताही मुखोद्गत असण्यास हरकत नाही. पण बंदिश पाठ झाली म्हणून कोणी मैफलीत बसत नाही. तिच्यावर बढत करावयाची असते, आणि ती गुरूसमोर बसून, चुकून, टोकले जाऊनच येते. गणितात पाठांतर झाले, मैफलही झाली, मधला रियाझ तेवढा राहून गेला, अशी आजची अवस्था आहे.

याचा दोष विद्यार्थ्यांवर टाकून चालणार नाही. ज्यास गुण मिळतात ते तो करतो. ‘सांगा व सिद्ध करा’ या साच्यातील प्रश्न आलटून पालटून येत राहिले की मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका हेच पाठ्यपुस्तक होते. जुन्या मॅट्रिकच्या काळात भूमितीत प्रमेयाच्या जोडीने ‘रायडर’ विचारीत. प्रमेय पुस्तकातले, रायडर अनोळखी. पुस्तकी प्रमेयावर मुलगा पास होई, पण त्याची खरी पारख रायडरवर होई. पदवीच्या पातळीवर हा रायडर जवळजवळ हद्दपार झाला, आणि एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी देशभर घेतली जाणारी ‘जॅम’ परीक्षाही आता पर्यायांची व संख्येने द्यावयाच्या उत्तरांचीच आहे. तीत सिद्धतेची एक ओळही लिहावी लागत नाही.

परीक्षा बदलली म्हणजे अध्यापन बदलते, याचा दाखला मराठी वाचकांच्या परिचयाच्या ठिकाणचाच आहे. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झाले आणि ‘रँग्लर’ हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोचला. त्या यशाचे मोल यत्किंचितही कमी नाही. पण याच परीक्षेवर केंब्रिजमध्येच हार्डी यांच्यासारख्या गणितींनी कडाडून टीका चालविली होती: क्रमांकासाठी चाललेल्या शर्यतीत विद्यार्थी खासगी शिकवणीदारांकडून युक्त्या घोटून घेतात आणि जिवंत गणित बाजूस राहते, असे त्यांचे म्हणणे. गुणानुक्रमे नावे लावलेली शेवटची यादी १९०९ साली लागली. त्याच्या आदल्याच वर्षी हार्डींचे ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ निघाले होते. विश्लेषणाची कठोर मांडणी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे काम इंग्लंडात त्या पुस्तकाने केले.

दुसऱ्या टोकाचा प्रयोग टेक्सास विद्यापीठात आर. एल. मूर यांनी अनेक दशके, १९६९ पर्यंत केला. व्याख्या आणि विधाने तेवढी विद्यार्थ्यांना द्यावयाची, पुस्तक उघडावयाचे नाही, एकमेकांस विचारावयाचे नाही; सिद्धता ज्याने त्याने शोधून फळ्यावर मांडावयाची. त्यातून नामांकित गणिती निघाले हे खरे. त्याच वर्गाचे दार मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद ठेवले होते, हेही तितकेच खरे, आणि त्यांच्या पद्धतीचे गोडवे गाताना ते विसरले जाऊ नये. ती पद्धत जशीच्या तशी उचलण्याजोगी नाही. मात्र तिच्यातील सत्त्वांश घेऊन भारतीय परिस्थितीत काय करता येते, हे मुंबई विद्यापीठात अध्यापन केलेल्या एस. कुमारेसन यांच्या पुढाकाराने १९९३ पासून भरू लागलेल्या ‘एम.टी.टी.एस.’ या उन्हाळी वर्गांनी दाखवून दिले आहे. तेथे शिक्षक प्रमेय सांगून मोकळा होत नाही. विद्यार्थ्यास बोलते करतो, फळ्यावर चुकू देतो, आणि ती चूक सर्वांसमोर, पण अपमान न करता, उलगडतो. लहान गावांतील महाविद्यालयांतून आलेली मुलेही या वर्गांत बसतात. पण उन्हाळ्यातले काही आठवडे मूठभरांच्या वाट्यास येतात. बाकीच्यांचे काय?

या प्रश्नावर प्राध्यापकांचे उत्तर ठरलेले आहे आणि त्यात तथ्यही आहे. पदे रिक्त आहेत, तासिका तत्त्वावरील शिक्षक दोन महाविद्यालयांच्या मध्ये धावत असतो, सत्र संपण्याआधी अभ्यासक्रम संपवावयाचा असतो. वह्या वाचावयास वेळ कोठून आणावा? हा आक्षेप शासनाच्या दारी नेऊन ठेवलाच पाहिजे. तरीही असे विचारता येईल की, जो वेळ पाठ्यपुस्तकातील सिद्धता फळ्यावर उतरविण्यात जातो, आणि जो तीच फळ्यावरून वहीत उतरवून घेण्यात जातो, त्याचे मोल काय? छापील पुस्तक, नोट्स, आणि आता प्रश्न लिहिताच क्षणार्धात सिद्धता लिहून देणारी यंत्रे विद्यार्थ्याच्या खिशात असताना शिक्षकाने लेखनिक व्हावे कशासाठी? ही यंत्रे बऱ्याचदा बरोबर उत्तर देतात आणि अधूनमधून तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचे देतात. दोहोंतील फरक ओळखण्याची ताकद ज्याने स्वतः चुकीच्या सिद्धता लिहून खोडल्या आहेत त्याच्याच अंगी येते.

हे सारे गणिताच्या पंडितांचे अंतर्गत प्रकरण आहे असे कोणी मानू नये. बी.एस्सी. झालेल्यांतले अनेक जण बी.एड. करून माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक होतात. सातवी-आठवीतील एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, ‘सर, ऋण गुणिले ऋण धन का होते?’ ज्याने सिद्धता घोकल्या त्याचे उत्तर: ‘तसा नियम आहे.’ वास्तविक या प्रश्नाचे उत्तर तो महाविद्यालयात शिकून आलेला असतो. सदिश अवकाशाच्या पहिल्या आठवड्यातील स्वाध्याय असा असतो की, उणे एकने सदिशास गुणल्यास त्याचा विरुद्ध सदिश मिळतो हे सिद्ध करा. एक आणि उणे एक यांची बेरीज शून्य. शून्याने गुणले तर शून्य सदिश मिळतो, आणि तेही आधी सिद्ध करावे लागते. मग वितरणाचा नियम लावला की ज्याची बेरीज सदिशाशी केली असता शून्य येते तोच त्याचा विरुद्ध. तीन ओळी. याच तीन ओळी सदिशाऐवजी उणे एकला लावल्या की त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर तयार होते. पण पुष्कळांनी हा स्वाध्याय ‘उघडच आहे’ म्हणून सोडून दिलेला असतो, किंवा गाइडातून उतरविलेला असतो. आणि त्या मुलीस नियम पाठ करावयास सांगितले जाते.

उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत निदान पाचव्या हिश्शाचे गुण अनोळखी विधानाच्या सिद्धतेस असावेत, आणि अपुऱ्या परंतु प्रामाणिक प्रयत्नास त्यांतले निम्मे मिळावेत. एखाद्या प्रश्नात चुकीची सिद्धता छापून ती कोठे मोडते, एवढेच विचारावे. ती तपासावयास सोपी आणि घोकावयास अशक्य. आठवड्यास एकच विधान द्यावे. सिद्धता पाऊण पानाहून मोठी नको. विद्यार्थ्यांनी ती आधी एकमेकांची वाचून समासात प्रश्न लिहावेत, मग शिक्षकाने पाहावी, आणि चुकलेली सिद्धता पुन्हा लिहून आणल्याखेरीज पुढचे विधान देऊ नये. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात दर आठवड्यास दहा वह्या बारकाईने पाहिल्या तरी महिन्याभरात प्रत्येकाची एक सिद्धता वाचली जाते. दहा वह्यांस दीड तास पुरतो. पहिल्या महिन्यात समासात ‘हा एप्सिलॉन कोणी दिला?’ हेच वाक्य दहा ठिकाणी लिहावे लागेल.